औषधाचं कपाट

[दृश्य: गगनबावड्याकडचा रस्ता, पाऊस, उपकेंद्राची पाटी]

गगनबावड्याच्या वाटेवरचं हे उपकेंद्र. भिंतीवर लसीकरणाचं वेळापत्रक, कोपऱ्यात बाळांचा वजनकाटा. 1946 साली भोर समितीनं प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली. पुढं साधारण 5,000 लोकवस्तीला, डोंगराळ भागात 3,000 ला एक उपकेंद्र, असं मोजमाप ठरलं. बाळंतपण, लस, ताप, हगवण ही त्याची कामं. पेशंट यायचा, बरा होऊन जायचा.

आज बाकावर बसलेत ते बीपी आणि शुगरवाले. यांना गोळी रोज लागते आणि तपासणी नेमानं, तीही जन्मभर.

[दृश्य: आशाताई उंबऱ्यावर, हातात फॉर्म]

हजार लोकवस्तीमागे एक आशाताई, ही 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानाची देणगी. हातातला फॉर्म सी-बॅकचा, म्हणजे आजाराचा धोका जोखणाऱ्या प्रश्नांचा, तिशीपुढच्या प्रत्येकासाठी. तंबाखू खाता का? दारू? घरात कुणाला बीपी-शुगर? मग कमरेला टेप. प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज 4 च्या वर गेली की त्या माणसाला तपासणीला आधी बोलवायचं. तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सरही याच तपासणीत बघायचा असतो.

[दृश्य: दंडाला पट्टा, यंत्रावरचा आकडा]

2018 नंतर उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आले. आकडा जास्त दिसला, की या मॅडम पेशंटला पाच मिनिटं शांत बसवतात आणि पुन्हा मोजतात. शंका असली, तर ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवर, डॉक्टरांशी बोलणं होतं.

बीपी आटोक्यात ठेवण्याचा राष्ट्रीय उपक्रम राज्यात आधी 4 जिल्ह्यांत सुरू झाला. त्यातला सिंधुदुर्ग इथून करूळ घाट उतरला की लागतो. औषधांचा क्रम ठरलेला, महिन्याच्या गोळ्या एकदम हातात, जो आला नाही त्याची चौकशी. कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडीपासून चंदगडपर्यंत प्रत्येक उपकेंद्रात हे नीट चालायला हवं. कपाटात अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी नसेल, तर आशाताईंची सगळी पायपीट वाया जाते.

[दृश्य: सीपीआर, केसपेपरची रांग]

कोल्हापूरचा थोरला दवाखाना, सीपीआर. बीपी-शुगर आटोक्यात राहिली नाही, की गाठ पडते ती इथं: अर्धांगवायू, हार्ट अटॅक, डायलिसिस.

[दृश्य: उपकेंद्रातलं कपाट]

2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं सरकारी आरोग्यखर्च 2025 पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. तो तिथवर पोचलेला नाही. वाढेल त्या पैशातला पहिला वाटा या कपाटाला द्या, एवढं आमचं मागणं आहे.