जुना विषय, नवा माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला आपल्या खानदेशातल्या गावांत नव्याने बोलायला लागलेल्या माणसांशी बोलायचं आहे. कोणी सुरतेला कापडाच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून गावी परतलेला असतो. कोणी साक्रीकडे चार बिघे जमीन घेतलेली असते. कोणी शिंदखेड्याहून लग्न होऊन चोपड्याच्या बाजूला आलेली सून असते आणि पंचायतीवर निवडून येते. आपल्या राज्यात २०११ पासून पंचायतींच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, त्यामुळे अशा सुना आता गावोगावी आहेत, आणि ही फार चांगली गोष्ट झाली. ही माणसं ग्रामसभेत उभी राहतात आणि नेमका तो विषय काढतात, जो गावाने कधीचा गुंडाळून ठेवलेला असतो. बुजलेला शिवरस्ता, पाटाच्या पाण्याची पाळी, गावठाणातली अडकून पडलेली जागा. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारतं, "कोना पोऱ्या शे रे हाऊ?" म्हणजे, कोणाचा पोरगा रे हा? दुसरा म्हणतो, "व्हई गयं ते समदं बोलीसन." म्हणजे, ते सगळं बोलून झालंय. आणि विषय तिथेच बसतो.

माझं म्हणणं असं, की जुना विषय काढायचा नव्या माणसाला पूर्ण हक्क आहे. मतदारयादीत नाव आहे म्हणजे ग्रामसभा त्याचीही आहे. पण विषय काढण्याआधी त्याने थोडे कष्ट घ्यायला हवेत, आणि हे कष्ट कोणी शिकवत नाही.

रस्त्याचंच घ्या. पेरणीच्या तोंडाशी ट्रॅक्टर घेऊन निघावं, तर वाट मध्येच संपते. दोन्हीकडून दरवर्षी नांगराचं एकेक तास घालत बांध कोरला गेलेला असतो, आणि जिथून बैलगाडी जायची तिथून आता माणूस आडवा होऊन जातो. नवा माणूस चिडतो, चिडणारच. सभेत उठतो आणि म्हणतो, "या गावाने रस्त्याचा कधी विचारच केला नाही." या एका वाक्यात काम बिघडतं. कारण समोर बसलेल्यांपैकी काहींनी त्याच रस्त्यापायी तहसीलच्या पायऱ्या झिजवलेल्या असतात, वकिलाला पैसे मोजलेले असतात, सख्ख्या चुलतभावाशी बोलणं टाकलेलं असतं. त्यांना वाटतं, काल आलेला हा पोरगा आम्हाला नाकर्ते म्हणतो. मग रस्ता बाजूला राहतो आणि मानापमान सुरू होतो.

म्हणून आधी वाचा. ग्रामसेवकाकडे ग्रामसभेची इतिवृत्तं असतात, जुने ठराव असतात. ते द्यायला टाळाटाळ झाली तर २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहेच. तलाठ्याकडे गावनकाशा पाहा. त्यावर तुटक रेषांनी गाडीवाट आणि पायवाट दाखवलेली असते. वाजिब-उल-अर्ज नावाची एक नोंदवही असते, तिच्यात गावाच्या वहिवाटीचे हक्क लिहिलेले सापडतात. बहुतेक लोक ती मागतच नाहीत. आणि पूर्वी मामलेदार कोर्टाचा, म्हणजे तहसीलदाराचा, आदेश झाला होता का, ते जरूर विचारा. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली अडवलेली वाट मोकळी करून मागता येते, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. जुना आदेश हाती लागला तर तुमचा विषयच बदलतो. मग भांडण नव्याने लढायचं नसतं, झालेल्या निकालाची अंमलबजावणी मागायची असते. हे माहीत असलेला माणूस सभेत वेगळ्याच आवाजात बोलतो.

कागदानंतर माणसं. ज्यांनी तेव्हा हा विषय लढवला त्यांच्या घरी सभेच्या आधी जाऊन या. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवसांत मात्र नको. लेकी माहेरी आलेल्या असतात, सालदारांचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यांचे, हिशेब चाललेले असतात, त्यात नकाशाची गुंडाळी घेऊन कोणी दारात उभं राहू नये. एरवी संध्याकाळी जा, ओट्यावर बसा आणि विचारा, "आप्पा, त्या वेळी नेमकं कुठे अडलं?" कागदावर नसलेलं असं बरंच कळेल. वाद झाला त्या दोन घरांपैकी एखादा कर्ता आज हयात नसेल, पण त्याचा मुलगा सभेत बसलेला असेल. त्याच्यासमोर बापाचं नाव घेऊन "यांनीच वाट बुजवली" असं म्हणू नका. गट नंबर सांगा, वाटेची लांबी सांगा. गेलेल्या माणसाला आरोपी करून उभं केलं, तर मुलाला बापाची बाजू घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मी हे कळकळीने सांगतो. खानदेशातले कितीतरी रस्ते जमिनीपेक्षा या कारणाने अडलेले आहेत.

मग विषय वेळेवर द्या. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, तेव्हा त्याच्याही आधी लेखी द्या, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येईल. सभा उठायच्या बेतात असताना आयत्या वेळी टाकलेल्या जुन्या विषयावर कोणी नीट बोलत नाही. रस्त्यासाठी १ मेची सभा चांगली, शिवार मोकळं असतं, उठून जाऊन बांध पाहता येतो. १५ ऑगस्टला तिथे कपाशी उभी असते. आणि उभं राहिल्यावर सुरुवात अशी करा: "हा विषय पूर्वी झाला, तेव्हा असं ठरलं. त्यानंतर ही गोष्ट बदलली, म्हणून पुन्हा मांडतो." सांगण्याजोगं काहीच बदललेलं नसेल, तर थोडं थांबा.

बदललं म्हणजे काय, हे पाण्याच्या बाबतीत चांगलं दिसतं. पांझरा, बुराई, कान या नद्यांवर आपल्याकडे फड पद्धत होती. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ऊस कोणत्या फडात हे पाळीने ठरायचं. पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या पिकाची राखण करायचा. नव्याने जमीन घेतलेला विचारायचा, माझ्या शेतात मी गहू का लावू, मला भाजीपाला करायचाय. त्याला कारण दिसत नसे. एका फडात एकच पीक असलं की पाणी एकाच वेळी लागतं, एकाच वेळी तुटतं, आणि नदीला पाणी कमी असलं तर एखादा फड सगळ्यांनी मिळून सोडता येतो, म्हणजे तोटाही वाटून जातो. तेव्हा तो प्रश्न घाईचा होता. पुढे विहिरी झाल्या, मोटारी आल्या, पांझरेवर अक्कलपाड्याचं धरण झालं आणि पुष्कळ ठिकाणी फडाची घडी विस्कटली. आज कोणी पुन्हा विचारलं, की पाळीचे जुने नियम कशाला ठेवायचे किंवा उलट ते पुन्हा का आणू नयेत, तर तो प्रश्न रास्त आहे, आणि त्याला "झालंय बोलून" हे उत्तर चालणार नाही.

इथे मला जाणत्यांनाही सांगायचं आहे. बापू, नाना, जिभाऊ, पोरगं उभं राहिलं तर त्याचं गाव आणि कूळ विचारण्याआधी विषय काय आहे ते ऐका. तुम्ही फडाच्या पाळ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत, कोणता बांध कोणत्या साली सरकला हे तुमच्या लक्षात आहे, आणि इतिवृत्तात त्यातलं फार थोडं उतरलं आहे. येत्या १ मेच्या सभेआधी एक दिवस काढा, त्या नव्या माणसाला शिवारात न्या आणि जुन्या खुणा दाखवा. त्याला म्हणावं वही-पेन बरोबर आण.