फवारणीआधी पान उलटून पाहा

मंडळी, झाडाला काही झालं की आपला पहिला प्रश्न असतो, 'काय फवारू?' माझा आग्रह आहे की आधी पान उलटून पाहा.

मिरचीचंच घ्या. शेंडा आकसला की सगळे म्हणतात, चुरडा-मुरडा आला. पण पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार आला असेल, तर बहुतेक वेळा फुलकिडे असतात. शेंडा पांढऱ्या कागदावर झटका, बारीक पिवळसर किडे पळताना दिसतील. कडा खाली वळल्या आणि देठ लांबले असतील, तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा माइट. तो इतका बारीक की भिंगच लागतं. शिवाय आठ पायांचा कोळी हा कीटक नव्हेच, त्यामुळे पुष्कळशी कीटकनाशकं त्याच्यावर वाया जातात. तिथे गंधक उपयोगी पडतं, तेही कडक उन्हात मारायचं नाही. आणि पांढऱ्या माशीने विषाणू आणला असेल, तर त्यावर औषधच नाही. ते झाड उपटावं, म्हणजे शेजारची वाचतात. जीवावर येतं, मला कळतं.

बुरशीचंही तसंच. करपा (पानावर करपल्यासारखे डाग) किंवा केवडा (वर पिवळे डाग, खाली बुरशीची लव) या रोगांच्या बुरशीला रुजायला पान काही तास ओलं लागतं. संध्याकाळी झारीने पानांवर पाणी घातलं, की रात्रभराची सोय आपणच केली. पाणी सकाळी, बुंध्याशी. भुरी मात्र उलटी! तिला पानावर पाणी लागत नाही. म्हणून पाऊस संपल्यावर कोरड्या हवेत, दाटीत वाढलेल्या काकडीवर आणि गुलाबावर ती पांढरी पूड धरते. तिथे विरळणी करा, हवा खेळू द्या.

कुंडीतलं झाड मलूल दिसलं, तर पाण्याआधी मातीत बोट घाला. माती ओली असूनही झाड सुकत असेल तर मुळं कुजताहेत, आणखी पाणी म्हणजे घात.

आता बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं बुरशीवरचं औषध. फ्रान्समध्ये बोर्डोजवळ, वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्याच वेली केवड्यातून वाचल्या, हे मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेला आलं आणि 1885 साली त्याने हे मिश्रण जाहीर केलं. नुसतं बघण्यातून सापडलेलं औषध, म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं.

घरी एक लिटरला 10 ग्रॅम मोरचूद आणि 10 ग्रॅम कळीचा चुना पुरे. प्लास्टिकच्या दोन भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटरमध्ये वेगवेगळे कालवा, चुना निवू द्या, मग दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकत्र ओता. स्वच्छ लोखंडी खिळा क्षणभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घाला, नाहीतर पानं भाजतील. गाळून त्याच दिवशी वापरा. हे रोग यायच्या आधी मारायचं असतं. डागाळलेलं पान त्याने बरं होत नाही, ते खुडून बागेबाहेर टाका.