भिंगांची ट्रॉली आणि परत ठेवलेले खोके

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवायच्या एकाच प्रकारच्या भिंगाचा साठा १० ते ३० डायॉप्टरपर्यंत (डायॉप्टर म्हणजे भिंगाची पॉवर मोजायचे एकक), अर्ध्या अर्ध्या डायॉप्टरच्या अंतराने ठेवायचा म्हटला, तरी ४१ पॉवर होतात. त्यांतल्या २० ते २२च्या आसपासच्या रोज लागतात, म्हणून त्या प्रत्येकी चार-पाच हाताशी हव्यात. सिलिंड्रिकल नंबरही भरून काढणारी टोरिक भिंगे वेगळी, आणि भिंगामागचे आवरण फाटले तर लागणारी तीन भागांची भिंगे त्याहून वेगळी. हा पसारा एकाहून अधिक शस्त्रक्रियागृहांना (ओटींना) पुरवायचा असतो, म्हणून भिंतीतल्या कपाटाच्या जोडीला चाकांची ट्रॉली आली. ती चांगलीच सोय आहे. पण सोयीबरोबर तिने एक जबाबदारीही आणली आहे, आणि ती आपण पुरेशी ओळखलेली नाही, असे मला वाटते.

२९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी कृत्रिम भिंग बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया सुरू केली. त्या भिंगाची पॉवर डोळ्याला जुळली नाही आणि रुग्णाला मोठ्या उणे नंबराचा चष्मा लागला. तेव्हा पॉवर काढण्याचे साधनच नव्हते. आज बायोमेट्रीने, म्हणजे भिंगाची पॉवर काढण्यासाठी केलेल्या डोळ्याच्या मोजमापाने, डोळ्याची लांबी मिलिमीटरच्या शतांशापर्यंत मोजता येते, आणि इतक्या निगुतीने काढलेला आकडा शेवटी ट्रॉलीतल्या एका कप्प्यावर अवलंबून राहतो.

म्हणून कप्पे आधी भिंगाच्या प्रकारानुसार लावावेत आणि मग पॉवरनुसार. एका खणात दोन प्रकार कधीही एकत्र ठेवू नयेत. ए-कॉन्स्टंट, म्हणजे पॉवर काढताना वापरायचा त्या प्रकारच्या भिंगाचा ठरलेला आकडा, ११८ असलेले भिंग आणि ११९ असलेले भिंग यांची एकाच डोळ्यासाठी लागणारी पॉवर सुमारे एका डायॉप्टरने वेगळी येते. त्यामुळे ‘एकवीसचे द्या’ एवढ्या सांगण्याला काहीच अर्थ नसतो.

मी पूर्वी जिथे काम करत होते, तिथे एका आजींचा रक्तदाब वाढल्याने शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. त्यांच्यासाठी काढलेले साडेएकवीसचे खोके घाईत साडेबावीसच्या कप्प्यात गेले. तीन दिवसांनी दुसऱ्या रुग्णासाठी तेच बाहेर आले. आतले निर्जंतुक पाकीट उघडण्यापूर्वी सिस्टरने खोक्यावरचा आकडा मोठ्याने वाचला, म्हणून ते थांबले. एरवी त्या माणसाला लांबचेही स्वच्छ दिसले नसते आणि जवळचेही. काढताना आपण सगळे सावध असतो, कारण समोर रुग्ण असतो. परत ठेवताना समोर कोणी नसते, आणि चूक तिथेच शिरते.

तेव्हापासून मी एक आग्रह धरला आहे. न वापरलेले खोके थेट कप्प्यात जाता कामा नये. ट्रॉलीच्या सर्वांत वरच्या बाजूला ‘परत’ असे लिहिलेला ट्रे असावा, दिवसभराची खोकी त्यातच पडावीत, आणि संध्याकाळी एकाच व्यक्तीने रजिस्टर उघडून, प्रकार, पॉवर व मुदत वाचून ती जागेवर लावावीत. वाचतानाही ‘साडेएकवीस’ म्हणू नये. मास्कमागून ‘साडे’ गिळले जाते आणि उरते फक्त ‘एकवीस’. ‘दोन, एक, पॉइंट, पाच’ असे अंक सुटे म्हणावेत; ऐकणाऱ्यानेही ते बायोमेट्रीच्या कागदावर पाहून उलट म्हणावेत.

ट्रॉली निवडताना चाकांना ब्रेक आहे का, खण ओढल्यावर निसटून खाली येत नाही ना, काचेचे किंवा धातूचे दार नीट बंद होते का, एवढे पाहावे. रोजच्या पॉवर उभे राहून सहज वाचता येतील अशा उंचीवर असाव्यात आणि खोक्याची पॉवर छापलेली बाजू बाहेर असावी. लवकर मुदत संपणारे खोके पुढे ठेवावे. ट्रॉली खिडकीच्या उन्हात उभी करू नये. किती तापमानात ठेवायचे, ते खोक्यावरच छापलेले असते. पुठ्ठ्याचे खोके निर्जंतुक क्षेत्रात न्यायचे नसते, म्हणून ट्रॉलीची जागा शस्त्रक्रियेच्या टेबलापासून दूर, दाराजवळ ठरवून द्यावी आणि तिथे जमिनीवर पट्टी मारावी.

खोक्यातल्या, भिंगाची माहिती छापलेल्या स्टिकरांपैकी एक केसपेपरवर, एक रजिस्टरात आणि एक रुग्णाच्या कार्डावर लागला, की त्या खोक्याचा हिशेब मिटतो. ज्या खोक्याचा स्टिकर कुठेच लागलेला नाही, ते त्या संध्याकाळी ‘परत’च्या ट्रेमध्ये सापडलेच पाहिजे. सापडले नाही, तर ते सापडेपर्यंत ट्रॉलीला कुलूप लावू नये.