चकलीच्या डब्यावरचं आडनाव

(बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळाच्या कोजागिरी मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून)

नमस्कार मंडळी.

अध्यक्षांनी मला 'निवृत्तीनंतरचं आर्थिक नियोजन' असा विषय दिला होता. त्याचा कागद पर्समध्ये आहे, हवा त्यांनी नंतर मागून घ्या. रविवारपासून माझ्या डोक्यात वेगळंच चाललंय. ते बाहेर पडल्याशिवाय मला दुसरं काही बोलता यायचं नाही.

रविवारी सिंगापूरहून मुलाचा फोन आला. व्हिडिओवाला, म्हणजे अर्धा वेळ मला माझंच कपाळ दिसतं. मागे ओट्याशी सून चकल्या पाडत होती आणि दोघांचं चांगलंच वाजलेलं होतं. सुनेनं यंदा घरून दिवाळीचा फराळ विकायचं ठरवलंय. तिथला नियम असा, की ओळखपत्रावर आहे त्याच पूर्ण नावानं धंदा केला तर धंद्याच्या नावाची वेगळी नोंदणी लागत नाही. 'अन्नपूर्णा', 'आईचा हात' असं काही गोड नाव ठेवलं, की नोंदणी आली आणि फीही आली. सून हिशेबी. म्हणाली, माझंच नाव घालते. म्हणजे डब्यावर तिचं नाव आणि पुढे आमचं आडनाव. मुलगा म्हणाला, "आपलं आडनाव चकलीच्या डब्यावर? आपल्या घरात आजवर कुणी काही विकलंय?"

मी समजूत घालायला तोंड उघडणार, तेवढ्यात नातीनं फोन हिसकावला. म्हणाली, "आजी, तुला तर आईपेक्षा भारी चकल्या येतात. मग तू बँकेत कशाला गेलीस?"

मी म्हटलं, "अगं, पेन्शन..." आणि माझ्या सुदैवानं नेटवर्क गेलं.

आता ते आडनाव. सासरे सांगायचे, त्यांचे आजोबा गायकवाड सरकारच्या कचेरीत कारकून होते. फार मोठं नाव! त्या काळच्या कागदांत ते सापडतं, नाही असं नाही, पण 'आपला आज्ञाधारक' याच्या खाली. तुमच्यापैकी निम्म्यांची कहाणी हीच आहे, हसू नका. महाराजांच्या मागोमाग आलो, दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात वाडे धरले, आणि मस्टरवर सही करायला जे लागलो ते अजून करतोय.

यात महाराजांना बोल लावता येत नाही. सयाजीरावांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं ते हाताला हुन्नर यावा म्हणून. दादासाहेब फाळके तिथलेच. 1908 मध्ये महाराजांनी बँक ऑफ बडोदा काढली. ॲलेम्बिक ही औषधांची कंपनी 1907 मध्ये ज्यांनी उभी केली त्यांत गज्जर होते, अमीन होते आणि कोटीभास्करही होते. चिमणाबाई महाराणींनी 1914 मध्ये स्त्री उद्योगालय सुरू केलं. बाईनं घरबसल्या चार पैसे मिळवावेत, हा विचार या गावाला नवा नाही. आपल्या घरांतल्या किती आज्या तिथं शिवण शिकल्या असतील! शिकून आल्या आणि सगळ्या खानदानाची झबली फुकट शिवली.

मी बँकेत कर्ज विभागात होते. टेबलासमोर पटेल यायचे, शाह यायचे, सिंधी यायचे. आपल्यातलं कुणी दारातून दिसलं की मी न विचारताच फॉर्म काढून ठेवायची. एक तर घरासाठी, नाहीतर मुलाच्या शिक्षणासाठी. दुसरा फॉर्म कधी लागला नाही. आणि उसळ आपली असून गावभर सेव-उसळ विकून बंगले कुणी बांधले, ते मी सांगायला नको. लिज्जतचंच बघा ना. 1959 साली सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. कुठे? गिरगावात! चाळी आपल्या, गणपती आपला, आणि त्या बायका मात्र गुजराती.

तर सिंगापूर. देश केवढा? जेमतेम 735 चौरस किलोमीटर. आपल्या जुन्या संस्थानात असे पंचवीस देश सहज बसले असते. रहिवाशांतले चारातले तीन तरी सरकारी गृहमंडळाच्या, एचडीबीच्या इमारतींत राहतात. दुकानाचं भाडं परवडायचं नाही म्हणून लोक घरूनच काय काय करतात. केक करतात, ब्लाउज शिवतात, केस कापतात, शिकवण्या घेतात. सरकारची ना नाही, छोट्या घरगुती धंद्याला वेगळी परवानगी मागावी लागत नाही. पण चौकट पक्की आहे. काम घरात राहणाऱ्यांनीच करायचं, बाहेरचा नोकर ठेवायचा नाही. शिकवणी असेल तर एका वेळी तीनच मुलं. मोठी यंत्रं नाहीत. शेजाऱ्याला वास, धूर, गर्दी, कशाचाच त्रास नको. दारावर पाटी लावायची नाही, म्हणजे पुण्याच्या माणसाचं तिथं अवघडच. खायच्या वस्तू थेट गिऱ्हाइकाला द्यायच्या, दुकानदाराला किंवा केटररला पुरवायच्या नाहीत. जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल दहा लाख डॉलरवर गेली की. हे ऐकून मी सुनेला म्हटलं, तेवढ्या चकल्या तळल्यास तर मीच सोऱ्या घेऊन तिकडे येते.

एक मात्र नीट ऐका, कारण इथल्या बऱ्याच जणांच्या लेकी-सुना तिकडे आहेत. आमची सून तिथली कायम रहिवासी आहे म्हणून हे जमतंय. नवऱ्याच्या नोकरीच्या जोरावर जिला राहायचा पास मिळालाय, तिला 1 मे 2021 पासून नोकरीसाठी स्वतःचा वेगळा परवाना लागतो. धंदा करायचा तर वेगळी संमती, आणि तिच्यासाठी तिथल्या माणसाला पगारावर ठेवायची अट. फराळासाठी कोण माणूस ठेवणार? तेव्हा इथून फोन करून "तूही सुरू कर की गं" असं म्हणू नका. पोरीला दंड व्हायचा.

बरं, नियम पाळता येतात, पण हवा? तिकडे बारा महिने दमट. सकाळची कुरकुरीत चकली संध्याकाळी मऊ. पहिला घाणा तिनं कोमट असतानाच डब्यात भरला, आतल्या वाफेनं सगळा गेला. आता पूर्ण गार झाल्यावर, पण लगेच, घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि दुसऱ्या दिवशी घरपोच. चिवडा यादीतून काढलाय. शेव, चकली, शंकरपाळे, बेसनाचे लाडू एवढंच ठेवलंय. तळण दुपारी, शेजारपाजारचे कामावर असताना. त्यासाठी तिची आठवड्यात एक रजा जाते.

तिनं मला हिशेब पाठवला. भाजणी, तेल, लोणी, डबे, पोचवण्याचा खर्च, सगळं सेंटपर्यंत लिहिलेलं. मी विचारलं, तुझ्या रजा कुठे लिहिल्यास? उभी राहतेस ते तास? तर म्हणते, "आई, ते कसं लावायचं?" बघा! एवढी शिकलेली, हिशेबी मुलगी.

मी हे आमच्या इमारतीत सांगितलं. शेजारच्या कोकिळाबेननी पहिला प्रश्न विचारला, "किलो केटलामां पडे?" वरच्या मजल्यावरच्या आपल्या मावशी म्हणाल्या, "दमत असेल ना गं पोर?" माया दोघींचीही होती. पण हिशेबातली चूक कोकिळाबेनना एका मिनिटात दिसली. मावशींना अजूनही वाटतंय की तिकडे काही अडचण आली असावी. जाताना हळूच म्हणाल्या, "मुलाची नोकरी आहे ना?"

आणि मंडळ तरी काय वेगळं करतं? आजचं जेवण बाहेरच्या कंत्राटदाराचं. ताटाचा भाव तो म्हणाला तो, कुणी ब्र काढला नाही. आणि आपल्यातल्या एक बाई भाजणी करून देतात, त्यांना आपणच म्हणतो, "अगं, घरचंच तर आहे, जरा बघून लाव." सिंगापुरातही आपलीच माणसं. एकानं अर्धा किलो मागवली आणि वर लिहिलं, "चार जास्त घाला, आपल्यातल्या आपल्यात." मी म्हटलं, त्याचं नाव कळव, बहुधा बडोद्याचाच असेल.

नातीचा प्रश्न मात्र जात नाही. लग्न झालं तेव्हा घरात आठ माणसं, पगार एकाचा, बँकेची परीक्षा पास झाले आणि सासूबाईंनी पेढे वाटले, हे मी तिला सांगू शकते. पण ती विचारतेय ते हे नाही. आणि मोठी होऊन ती म्हणाली, की मी कॉलेजला जात नाही, चकल्याच करते, तर? इथं माइकपुढे मी टाळ्या घेतेय खऱ्या, पण त्या दिवशी मी मुलाच्या बाजूनं बोलेन की काय, अशी मला धास्ती आहे.

कारण सून आता म्हणते, जानेवारीत नोकरी सोडते. घराचे हप्ते चालू आहेत. गिऱ्हाईक सगळं आपलंच मराठी, त्यातलेही बरेच दोन-तीन वर्षांच्या कामावर आलेले. आज सिंगापूर, उद्या सिडनी. दिवाळी तीन आठवड्यांची, मग उरलेलं वर्ष कोण खाणार? पुरणपोळी म्हणते, डबे म्हणते, शनिवारी मुलांना मराठी शिकवते म्हणते, तीन-तीनच्या तुकड्यांत. हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर एका हंगामाच्या ऑर्डरींवर मी तो मंजूर केला नसता. आणि सोडू की नको, हे ती मलाच विचारणार आहे.

तेव्हा ज्यांना धंद्यातलं कळतं त्यांनी आज मला जरा बाजूला घेऊन सांगा. कोण कोण आहे? हात वर करा पाहू. एक... दोन... आणि तो मागचा तिसरा हात आपल्या जावईबापूंचा, म्हणजे पटेलांचा.