१५ व्होल्ट, पण शांत

(दृश्य: पाऊस, कौलारू पडवी, टेबलावर उघडा अॅल्युमिनियमचा डबा)

कुडाळहून मालवणकडे जाताना लागणारी एक वाडी. आषाढ लागलाय. पडवीतल्या टेबलावर मायक्रोफोनचा प्रिअँप्लिफायर, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा डबा, उघडून ठेवलाय, घरीच बांधलेला. दिवाळीनंतर जत्रा सुरू होतील, दशावतारी मंडळं गावोगाव निघतील. पेटी, पखवाज, झांज आणि पात्रांची उत्स्फूर्त भाषणं, सगळं या डब्यातून मुद्रित करायचंय. रेडिओ दुरुस्तीत हयात गेलेल्या काकांनी मागच्या मोसमातलं मुद्रण ऐकलं होतं. पेटी थांबली तरी मागे एक घूं चालूच होती.

काका: "ह्यो आवाज पेटीचो न्हय, लायटीचो आसा."

म्हणून यंदा सगळ्यात आधी वीजपुरवठा.

(दृश्य: ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, मोठे कपॅसिटर जवळून)

बोलणाऱ्या माणसासमोर धरलेला साधा माइक एक-दोन मिलिव्होल्ट देतो. तो हजारपट वाढवावा लागतो. भिंतीतून येते २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनांची वीज. तिला एकाच दिशेला वळवणाऱ्या डायोडांच्या ब्रिजमधून गेली की तिची १०० आवर्तनांची लाट होते, आणि ही लाट कानाला सरळ ऐकू येते. डब्याला १०० मिलिअँपिअर लागत असतील, तर लाट सपाट करणाऱ्या १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर ती जवळजवळ एक व्होल्टची असते. ४७०० चा कपॅसिटर लावला की ०.२ व्होल्टवर येते. एक मिलिव्होल्टच्या शेजारी ०.२ व्होल्ट हाही डोंगरच. तो उतरवायचं काम रेग्युलेटरचं, म्हणजे व्होल्टेज एकसारखं ठेवणाऱ्या भागाचं.

(दृश्य: पुतणी झिरो पीसीबीवर सोल्डरिंग करताना)

हातात आहे एलएम३१७ नावाचा रेग्युलेटर. नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये बॉब डॉबकिन यांनी रचलेला, १९७६ सालचा आयसी. आजही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो, आणि एसटीच्या पार्सलने इथवर येतो. त्याच्या आत १.२५ व्होल्टचा एक संदर्भ आहे, म्हणजे आधाराचं स्थिर व्होल्टेज. बाहेरच्या दोन रेझिस्टरांनी तो हव्या तेवढ्या पटीत वाढवायचा: २४० ओहम आणि २.७ किलोओहम घातले की १५ व्होल्टच्या आसपास मिळतात.

आता खरी गोष्ट. व्होल्टेज बारापट वाढवताना संदर्भाची स्वतःची खरखरही बारापट वाढते. माहितीपत्रकाप्रमाणे ही खरखर आउटपुटच्या ०.००३ टक्के, म्हणजे १५ व्होल्टला ४५० मायक्रोव्होल्ट. उपाय आहे एक १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, अॅडजस्टच्या पायापासून ग्राउंडपर्यंत. स्थिर व्होल्टेज तसंच बारापट राहतं, बदलणाऱ्या खरखरीला मात्र ती वाढ मिळत नाही. लाट अडवण्याची ताकदही ६५ डेसिबलवरून ८० वर जाते. दोन रुपयांच्या भागाने एवढा फरक पडत असताना बाजारातल्या कित्येक तयार बोर्डांवर तो नसतो, याचं वाईट वाटतं. कपॅसिटर आला की सोबत एक डायोडही हवा, नाहीतर वीज गेल्यावर साठलेला चार्ज आयसीतून उलटा वाहतो. आणि इथे वीज जाते.

आउटपुटवर भारीतला फिल्म कपॅसिटर लावायचा मोह अनेकांना होतो. काका साधा इलेक्ट्रोलिटिक लावायला सांगतात. एलएम३१७ चं आउटपुट कॉइलसारखं वागतं. अगदी कमी रोधाचा कपॅसिटर त्याच्याशी जुळून एका ठरावीक वारंवारतेला खरखर उलट वाढवतो. इलेक्ट्रोलिटिकचा अंगचा थोडासा रोध ते थोपवतो.

काका: "बाय, पयलां व्होल्टेज बघ, मगे आयसी बसव."

(दृश्य: संध्याकाळ, मंद पिवळा बल्ब, मल्टीमीटरवर १९०)

हा आकडा नीट बघा. संध्याकाळी सगळ्या वाडीचे पंप आणि टीव्ही चालू झाले की २३० चे १९० होतात. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर अशा वेळी ब्रिजनंतर जेमतेम १६ व्होल्ट देतो. एलएम३१७ ला स्वतःसाठी दोन-तीन व्होल्ट शिल्लक लागतात. ते मिळाले नाहीत की तो हात टेकतो, आणि १०० आवर्तनांची घूं थेट आत शिरते. पुस्तकातला नकाशा बरोबर, भागही बरोबर, तरी जत्रेत डबा घुमतो तो यामुळे. म्हणून इथे १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतलाय. पूर्ण दाबाला आयसी तापेल, तर हीटसिंक लावू.

(दृश्य: सडा, जांभा, अर्थिंगच्या खड्ड्यात कळशीने पाणी)

हे घर सड्याच्या कडेला. जांभ्यावर मातीचा थर पातळ, पावसाळा सरला की तोही सुकतो. मीठ-कोळसा घातलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतावं लागतं. अर्थिंग कच्चं असलं की डब्याच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात आणि स्पीकर घुमतो. त्याला रेग्युलेटर काही करू शकत नाही. तसंच ब्रिज आणि पहिल्या कपॅसिटरमधल्या तारांचं. तिथून प्रवाह झटक्यांनी वाहतो, माइकचा ग्राउंड त्या वाटेवर जोडायचा नाही.

(दृश्य: ब्रश, बोर्डावर चमकणारा स्पिरिटचा थर)

खाऱ्या दमट हवेत सोल्डरिंगचा फ्लक्स राहिला की तो ओल धरतो आणि दोन पायांच्या मधून वीज झिरपते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून, वाळवून, वर लॅकर. पुतणी हे दरवेळी करते, कंटाळा न करता.

(दृश्य: जत्रेची रात्र. ४० सेकंद निवेदन नाही, फक्त या डब्यातून मुद्रित केलेला आवाज)

घूं गेली.

(दृश्य: पुन्हा पडवी, नवा बोर्ड, पेटलेला लाल एलईडी)

आता टेबलावर आहे तबकड्यांसाठीचा फोनो प्रिअँप. ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारा तयार आयसी, सप्लायमधली घाण बरीच अडवतो. हा प्रिअँप ट्रान्झिस्टरांचा आहे, तो तेवढी अडवत नाही. म्हणून संदर्भालाच शांत करायचं: झेनर डायोडपेक्षा कमी खरखरीचा लाल एलईडी, पुढे १० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड. सेकंदाला ०.१६ आवर्तनांच्या वरचं सगळं उतरणीला लागतं. मग ऑप-अँप आणि बीडी१३९ ट्रान्झिस्टर. गाळलेल्या संदर्भाची ही वाट मायकेल सुल्झर यांनी १९८० मध्ये दाखवली. वॉल्ट युंग यांनी १९९५ मध्ये ऑप-अँपलाच रेग्युलेटरच्या स्वच्छ आउटपुटवर जोडून ती पुढे नेली. आज एलटी३०४५ नावाचा आयसी एका चिपमध्ये खरखर ०.८ मायक्रोव्होल्टपर्यंत उतरवतो. त्याचे बारीक पाय हाताने झाळणं मात्र काकांच्या चष्म्याला झेपत नाही. पुतणीला झेपेल. तिने दोन मागवलेत.