निळा प्रकाश वाटेत अडतो

पुण्यातील आयुका या संस्थेची वेधशाळा जुन्नरजवळ गिरवली येथे आहे. पावसाळ्यापूर्वीच्या एखाद्या चांदण्याविना रात्री तेथून आकाशगंगेचा पट्टा पाहिला, तर हंस तारकासमूहापासून श्रवणाच्या बाजूने धनू राशीकडे उतरताना तो काळसर चिरेने दुभंगलेला दिसतो. त्या चिरेत ताऱ्यांची वाण नाही. ती ताऱ्यांनी भरलेलीच आहे, पण त्यांचा प्रकाश आणि आपण यांच्यामध्ये धूळ आहे.

ही धूळ म्हणजे सिलिकेट आणि कार्बन यांचे कण. त्यांचा आकार साधारणपणे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका असतो आणि ताऱ्यांमधल्या एकूण पदार्थाच्या वस्तुमानात त्यांचा वाटा सुमारे एक टक्का भरतो. कण इतके बारीक असल्यामुळेच ते लाल प्रकाशापेक्षा निळा प्रकाश अधिक शोषतात व विखुरतात. वेताळ टेकडीवरून दिसणारा मावळता सूर्य तांबडा होतो, तोही वाटेत निळा प्रकाश गळाल्यामुळेच. धूळ ताऱ्याला लाली देत नाही, त्याचा निळा अंश काढून घेते.

मात्र धूळ सर्वत्र थोडीथोडी पसरली असेल, तर ती ओळखायची कशी? अमेरिकेतील लिक वेधशाळेतील खगोलशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रम्पलर यांनी १९३० साली याचे उत्तर दिले. त्यांनी तारकागुच्छांची अंतरे दोन प्रकारे काढली: एकदा ताऱ्यांच्या तेजावरून आणि एकदा गुच्छाच्या दिसणाऱ्या व्यासावरून. तेजावरून काढलेले अंतर खरे मानले, तर गुच्छ जितका दूर तितका तो प्रत्यक्षात मोठा ठरू लागला. सूर्यापासून दूर जावे तसतसे गुच्छ फुगत जातात, हे निसर्गाच्या कोणत्याही नियमात बसणारे नव्हते. तेव्हा प्रकाशच वाटेत कमी होत असला पाहिजे, आणि तेजावरून काढलेली अंतरे फुगलेली असली पाहिजेत.

ही चूक दुरुस्त करण्याचे साधन धुळीनेच हाती दिले आहे, आणि या विषयातील सर्वांत देखणी गोष्ट हीच. वर्णपटातील रेषांवरून ताऱ्याचे तापमान कळते, तापमानावरून त्याचा मूळ रंग कळतो. त्या रेषांची ओळख धूळ पुसू शकत नाही. मूळ रंग आणि दिसणारा रंग यांतील फरक प्रतींमध्ये, म्हणजे ताऱ्यांचे तेज मोजण्याच्या एककात, मोजून त्याला सुमारे ३.१ने गुणले, की तारा किती प्रतींनी मंदावला ते मिळते. दाट मेघांत हा गुणक वाढतो, कारण तेथील कण मोठे असतात.

सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर असलेल्या आकाशगंगेच्या केंद्राकडून येणारा दृश्य प्रकाश जवळजवळ ३० प्रतींनी घटतो, म्हणजे एक लाख कोटी प्रकाशकणांतील जेमतेम एक येथवर पोहोचतो. अवरक्त प्रकाशात, २.२ मायक्रॉन तरंगलांबीला, साधारण दहांतील एक पोहोचतो. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना ज्या रेडिओ लहरी टिपतात, त्यांची लांबी या कणांच्या लाखो पट असल्याने त्यांना ही धूळ अडवतच नाही.