पाणी, धाबं आणि डॉक्टरांची पेटी: कॅनडाच्या माळरानावरचे आजारी पोलीस

[नकाशा: मॅनिटोबापासून रॉकी पर्वतापर्यंतचं माळरान]

८ जुलै १८७४. अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या डफरिन या ठाण्यावरून नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलीस हे कॅनडाचं नवं कोरं घोडेस्वार पोलीस दल पश्चिमेकडे निघालं. २७५ माणसं, तीनशेवर घोडे, शंभरावर बैल, लाकडी चाकांच्या करकरणाऱ्या गाड्या, दोन नऊ-पौंडी तोफा. औषधांच्या पेट्या होत्या, डॉक्टर होते. मुख्य डॉक्टर जॉन किटसन, आणि त्यांचे साहाय्यक रिचर्ड बॅरिंग्टन नेव्हिट, जे त्याच वर्षी टोरांटोतून शिकून बाहेर पडले होते. एवढा जामानिमा होता, पण शिपायाच्या खांद्याला पाण्याची बाटली नव्हती.

या दलाच्या दुखण्यांची निम्मी गोष्ट या एका उणिवेत आहे. उरलेली निम्मी भरतीच्या टेबलापासून सुरू होते.

[दृश्य: १८७३ च्या कायद्याचं पान]

कॅनडाच्या संसदेने मे १८७३ मध्ये दलाचा कायदा केला. नमुना समोर होता तो आयर्लंडच्या सशस्त्र पोलिसांचा. भरतीच्या अटी कागदावर चोख होत्या: वय १८ ते ४०, प्रकृती ठणठणीत, घोड्यावर बसता यावं, इंग्रजी किंवा फ्रेंच लिहिता-वाचता यावं. पण पहिल्या दीडशे जणांना नद्या-सरोवरं गोठण्याआधी मॅनिटोबा गाठायचं होतं. घाईत तपासणी उरकली गेली. हिवाळ्यात दलाचे प्रमुख कमिशनर जॉर्ज फ्रेंच मॅनिटोबातल्या लोअर फोर्ट गॅरी या ठाण्याला पोचले, माणसं पुन्हा तपासून घेतली, तेव्हा हृदयविकाराचे, क्षयाचे, नजरेने अधू असलेले शिपाई वर्दीत सापडले. त्यांना घरी धाडावं लागलं.

अशा तपासणीत छातीला कान लावणं तेवढं पुरत नाही. माणसाला खोकायला लावून जांघेत अंतर्गळ (हर्निया) आहे का पाहावं लागतं, पिंढऱ्यांच्या शिरा फुगल्यात का पाहाव्या लागतात, दात बघावे लागतात. घोडेस्वाराला अंतर्गळ म्हणजे पहिल्याच लांब मजलीला गाडीत आडवं व्हायचं. शहरातल्या डॉक्टरांनी याकडे काणाडोळा केला की त्याची किंमत माळावरच्या डॉक्टरांनी मोजायची. पुढची कित्येक वर्षं दलाच्या डॉक्टरांची ही तक्रार सुटली नाही.

[दृश्य: पांढऱ्या क्षारांचा थर असलेलं माळावरचं डबकं]

आता पाणी. या माळरानावर उन्हाळ्यात नद्या लांब लांब असतात, मध्ये असतात ती डबकी. पावसाचं आणि बर्फाचं पाणी खोलगट जागी साठतं, वाहून जायला वाट नाही, उन्हाने आटतं, आणि जमिनीतले क्षार घट्ट होत जातात. हे क्षार प्रामुख्याने सोडियम आणि मॅग्नेशियमचे सल्फेट. म्हणजे जे मीठ डॉक्टर पोट साफ करायला मोजून देतात, तेच शिपाई तहानेपोटी मगच्या मग पीत होते. त्यात बायसनच्या, म्हणजे तिथल्या रानगव्यासारख्या जनावराच्या, कळपांनी डबकं तुडवून, मुतून ठेवलेलं. आणि त्यावर दलाचेच घोडे-बैल आधी उतरायचे.

उकळून प्यावं, तर चहाच्या निमित्ताने तेवढं उकळलं जाई. पण झाडं नाहीत. जळण म्हणजे बायसनचं वाळलेलं शेण, आणि पाऊस झाला की तेही पेटेना. मग गार पाणी तसंच पोटात. जुलाब सुरू झाले, काहींना आव पडू लागली, ताप आले.

उपचार त्या काळच्या रीतीचे. साध्या जुलाबाला एरंडेलाचा एक डोस आणि त्यात अफूच्या अर्काचे थेंब. मग डोव्हरची पूड: १० ग्रेनच्या पुडीत १ ग्रेन अफू, १ ग्रेन इपेकॅक, बाकी ८ ग्रेन पोटॅशियम सल्फेट. रक्ती आव असेल तर इपेकॅकचा मोठा डोस, वीस-तीस ग्रेन. ही पद्धत मॉरिशसमधून आणि हिंदुस्थानातल्या लष्करी दवाखान्यांतून रूढ झालेली. पण इपेकॅक मुळात ओकारी काढणारं औषध. ते पोटात टिकवायचं तर आधी अफू द्यायची, पोटाच्या वरच्या भागावर मोहरीचा लेप लावायचा, आणि रोग्याला काही तास निपचित पडू द्यायचं, पाणीसुद्धा न देता.

आणि इथेच सगळं फसायचं. रोजची मजल ठरलेली. रोगी स्प्रिंग नसलेल्या गाडीत, उन्हात, खडखडत. असा डोस देणं म्हणजे औषध ओकून टाकायला देणं. त्यामुळे आजाऱ्याला खरा उपाय एकच होता, तो म्हणजे मागे ठेवणं. ऑगस्टमध्ये ओल्ड वाइव्ह्ज सरोवराच्या परिसरात तळ पडला आणि थकलेली माणसं व घोडे तिथे ठेवून दल पुढे सरकलं. शिपायांनी त्या जागेचं नावच ‘क्रिपल कॅम्प’, म्हणजे लंगड्यांचा तळ, असं पाडलं. नाव कुचेष्टेचं असलं तरी सबंध मोहिमेतला वैद्यकीयदृष्ट्या सगळ्यात शहाणा निर्णय हाच होता, असं आमचं मत आहे. त्याच सुमारास दलात उवा झाल्या. किटसननी माणसांना कपडे उतरवायला लावून अंगाला जुनिपरचं तेल चोळवलं.

[दृश्य: नेव्हिट यांची जलरंगातली चित्रं, फोर्ट मॅक्लाउड]

ऑक्टोबर १८७४. ओल्डमन नदीतल्या बेटावर फोर्ट मॅक्लाउड उभं राहू लागलं. असिस्टंट कमिशनर जेम्स मॅक्लाउड यांनी क्रम ठरवला: दवाखाना आणि घोड्यांचे तबेले आधी, शिपायांची घरं नंतर, अधिकाऱ्यांची सगळ्यात शेवटी. घोडे आधी हे ऐकायला विचित्र वाटेल, पण घोडा मेला तर शिपाई पायी, आणि त्या थंडीत पायी शिपाई म्हणजे पुढचा रोगी.

बांधकाम असं. खंदक खणून त्यात ओंडके उभे रोवायचे, फटी मातीने लिंपायच्या, वर वासे टाकून त्यावर मातीचा थर. जमीनही मातीचीच. आपल्याकडच्या धाब्याच्या घरासारखंच. फरक इतकाच की आपल्याकडे धाब्यावर पांढरी माती चोपून पाणी अडवतात, इथे नुसती माती. बर्फ वितळायला लागलं की छत गळायचं आणि चिखलाचं पाणी थेट खाटेवर. फुफ्फुसाच्या सुजेने आजारी पडलेल्या माणसाला कोरडी चादर मिळणं हाच मोठा उपचार होता, आणि तोच पुरवता यायचा नाही.

शुश्रूषेला वेगळी माणसं नव्हती. हॉस्पिटल स्टुअर्ड म्हणून नेमलेला शिपाईच औषधं कुटायचा, खरळायचा, भांडी धुवायचा. आणि डॉक्टरांच्या पेटीतली ब्रँडी कुलपात राहायची. या प्रदेशात दारूबंदी होती, परवान्याशिवाय दारू नाही. मग शिपायांनी वाट काढली: पेरी डेव्हिसचं पेनकिलर नावाचं पेटंट औषध, आल्याचा अर्क. दोन्हींत मद्यार्क भरपूर. सकाळी पोटात आग आणि डोकं गरगरतंय म्हणून समोर आलेला शिपाई आजारी आहे की रात्रीचं पेनकिलर उतरलेलं नाही, हे डॉक्टरांनी जिभेवरून, डोळ्यांवरून आणि मुख्यतः वासावरून ठरवायचं.

[दृश्य: हिवाळा]

३१ डिसेंबर १८७४ ला फोर्ट किप आणि फोर्ट मॅक्लाउडच्या दरम्यान दोन शिपाई हिमवादळात सापडले आणि थंडीने मेले. जे जगून परतायचे, त्यांची बोटं पांढरी, लाकडासारखी. त्या काळचा नियम होता बर्फाने चोळायचं, शेकोटीपासून लांब ठेवायचं. नेपोलियनच्या फौजेतले सर्जन लारे यांच्यापासून चालत आलेली ही रीत. शेकोटीबद्दलचा इशारा बरोबर होता, कारण बधिर बोट जळलं तरी कळत नाही. पण बर्फाने चोळणं घातकच. पेशींतले बर्फाचे कण आतून मांस फाडतात. आज ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात बुडवतात. बोट काढायचं झालं तरी घाई करायची नाही. मेलेलं काळं मांस आणि जिवंत मांस यांच्यामध्ये स्पष्ट रेघ उमटेपर्यंत थांबायचं, हे तेव्हाही ठाऊक होतं.

[दृश्य: फोर्ट वॉल्श, सायप्रेस टेकड्या]

फोर्ट वॉल्शला वेगळंच दुखणं. दरीतला ओढा एकच, आणि त्याच्या काठी तबेले, बराकी, व्यापाऱ्यांची वस्ती. ताप दोन-तीन आठवडे हटायचा नाही, पोट बिघडायचं, माणूस बरळायचा. डॉक्टर याला टायफो-मलेरियल ताप म्हणत. अमेरिकन यादवी युद्धात वूडवर्ड या लष्करी डॉक्टरांनी रूढ केलेलं हे नाव. नावात मलेरिया आला, म्हणून हाती कोयनेल आलं. विषमज्वरावर, म्हणजे टायफॉइडवर, कोयनेलचा काही उपयोग नाही. उलट कान वाजतात, मळमळतं, आणि आधीच न खाणारा रोगी आणखी खंगतो. टायफॉइडचा जंतू १८८० मध्ये एबर्ट यांनी पाहिला, रक्ताची चाचणी १८९६ पर्यंत नव्हती. शौचकूप ओढ्यापासून किती लांब आणि कोणत्या अंगाला, घोडे कुठे पाणी पितात, याची उत्तरं औषधापेक्षा महत्त्वाची होती. पण ती बदलायची तर हुकूम निघायला हवा अधिकाऱ्याचा. डॉक्टरांनी अहवाल लिहायचा.

अहवाल मात्र किटसननी निर्भीडपणे लिहिले. ओढ्याकाठी उपासमारीने आलेल्या मूळ रहिवाशांना तेच तपासत होते. १ जुलै १८८० च्या पत्रात त्यांनी या रहिवाशांना मिळणारा शिधा सैबेरियातल्या कैद्यांच्या शिध्याशी ताडून दाखवला आणि सरकारी वाटप किती अपुरं आहे ते सांगितलं.

[दृश्य: फोर्ट कार्लटन, मार्च १८८५]

२६ मार्च १८८५ ला बंड करून उठलेल्या मेटिस (मिश्र वंशाच्या) लोकांशी डक लेकची चकमक झाली. पोलीस आणि स्वयंसेवक मिळून १२ जण पडले, त्यांत तीन पोलीस. जखमींना फोर्ट कार्लटनमध्ये आणलं, पण ते लाकडी ठाणं राखता येण्याजोगं नव्हतं. सुमारे ८० किलोमीटरवरच्या प्रिन्स अल्बर्टला घसरगाड्यांतून न्यायचं ठरलं. गोळी लागलेल्या माणसाला घसरगाडीत हिसके बसू नयेत म्हणून गवत भरून गाद्या करायला घेतल्या. तेच वाळलं गवत स्टोव्हच्या धुराड्याशी पेटलं आणि इमारतीने आग धरली. ज्यांच्यासाठी गाद्या भरल्या जात होत्या त्या जखमींनाच धुरातून उचलून बाहेर काढावं लागलं, आणि दल रात्रीच निघालं.

एवढं करून जो कामाला अयोग्य ठरे, त्याला डॉक्टरांच्या शेऱ्यावर नावं कमी करून घरी पाठवलं जाई. शिपायांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा झाला तो १८८९ मध्ये, म्हणजे डफरिनहून निघालेल्यांपैकी बहुतेकांनी नोकरी सोडल्यानंतर.